४.८ ताऱ्यांची बोट

परवा हापिसात एका मित्राने गाठलं. "तुम्ही गेल्या वर्षी कॅरिबियनमध्ये शिडाची बोट भाड्याने घेतली होती ना? एखाद्या भरवशाच्या कंपनीचं नाव सांग की." म्हटलं, नाव नाही सांगणार. तो जरा दुखावला. मग म्हणाला, "बरं, राहू दे. मी एक हेरून ठेवलीय. ४.८ रेटिंग आहे, फोटो जबरी आहेत आणि बाकीच्यांपेक्षा तीस टक्के स्वस्त पडतेय."

झालं. इथे माझं डोकं सटकलं. याला अचानक झालं काय, हे त्या बिचाऱ्याला कळेना. म्हणून कॉफी मशीनपाशी उभ्याउभ्या जे नीट सांगता आलं नाही ते आज शनिवारचं बसून लिहितोय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. तारे, फोटो आणि भाव एवढंच बघून बोटवाली कंपनी निवडणं हा शुद्ध गाढवपणा आहे. तो मी स्वतः केलेला असल्यामुळे असं म्हणायचा मला पूर्ण अधिकार आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेअरबोट चार्टर म्हणजे नुसती बोट भाड्याने घेणं. खलाशी नाही, स्वयंपाकी नाही. कंपनी किल्ली हातात देते आणि आठवडाभर तुम्हीच तांडेल. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स ही या धंद्याची पंढरी. बेटं दोन रांगांत जवळजवळ उभी, मधे सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल, वारा बाराही महिने साधारण पूर्वेकडून, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम, आणि पुढचं बेट जवळपास कायम डोळ्यांसमोर. १९६९ मध्ये टॉर्टोला बेटावर 'द मूरिंग्ज'ने सहा बोटींवर हा धंदा सुरू केला, आज तिथल्या धक्क्यांवर डोलकाठ्यांचं जंगल उभं आहे.

आम्ही सहा जण. तीन जोडपी, सगळी बॉस्टनची, सगळी संगणकवाली. आमच्यातल्या दोघांनी, म्हणजे मी आणि आमचा एक टेस्टिंगवाला मित्र, दोन उन्हाळे चार्ल्स नदीत छोट्या शिडबोटींवर गटांगळ्या खाल्ल्या होत्या, आणि नंतर अमेरिकन सेलिंगचा १०४ नंबरचा कोर्स केला होता. कागद हातात, म्हणून छाती फुगलेली.

पहिल्या कंपनीला मेल टाकली. त्यांचं उत्तर म्हणजे जवळजवळ मुलाखतच होती. चाळीस फुटांवरची बोट तुम्ही स्वतः किती दिवस चालवलीय? इन्स्ट्रक्टर बरोबर असतानाचे दिवस वेगळे लिहा. नांगर टाकून किती रात्री काढल्या? इंजिन बंद पडलं तर पहिली कुठली गोष्ट बघाल? आम्ही उत्तरं पाठवली, आणि (इथे मान खाली घालतो) थोडी फुगवून पाठवली. रेझ्युमे फुगवण्यात आपल्या धंद्याचा हात कोण धरणार! दोन वर्षांचा अनुभव पाचाचा करून क्लायंटच्या गळ्यात मारलेले कन्सल्टंट आपण सगळ्यांनीच पाहिलेत. कोर्समधले तीन दिवस आम्ही 'विविध सफरी' करून टाकले.

त्यांनी ते एका फटक्यात ओळखलं. उत्तर आलं, पहिले दोन दिवस आमचा स्किपर बरोबर घ्यावा लागेल, दिवसाचे अडीचशे डॉलर आणि त्याचं जेवणखाण तुमच्याकडे. शिवाय अनेगाडा बेटावर तुम्हाला एकट्याने जाता येणार नाही. बाकीची बेटं डोंगराळ, लांबून दिसतात. अनेगाडा म्हणजे प्रवाळाची एक चपटी थाळी, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि तिच्या आग्नेयेला मैलोगणती पसरलेला हॉर्सशू रीफ. आजवर शेकड्यांनी जहाजं खाल्लीत त्याने.

यावर आमच्या कंपूची प्रतिक्रिया काय असावी? कॉन्फरन्स कॉलवर एकमताने ठरलं की ही माणसं उद्धट आहेत, आणि स्किपर गळ्यात मारून पाचशे डॉलर उकळायचा हा त्यांचा धंदा आहे. मग कुणीतरी दुसरी कंपनी शोधली. ४.८ तारे. फोटोत पांढरीशुभ्र पंचेचाळीस फुटी बोट, निळंशार पाणी. भाव बराच कमी. आमचा तोच रेझ्युमे त्यांना पाठवला आणि वीस मिनिटांत उत्तर आलं, 'सगळं छान आहे, ५० टक्के आगाऊ भरा.' एकही प्रश्न नाही. अनेगाडा? जा की खुशाल.

आम्ही खूष! आता वाटतं, ज्याला आपली बोट कुणाच्या हातात जातेय याची फिकीर नाही, त्याला बोटीची तरी फिकीर कशी असेल? एवढं साधं लॉजिक सहा इंजिनियरांच्या डोक्यात आलं नाही.

आता तो दिवस. मार्च महिना, सफरीचा तिसरा दिवस. नॉर्मन बेटावरून सकाळी आरामात निघालो. व्हर्जिन गोर्डा गाठायचं होतं, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणं, नागमोडी. दुपारी सगळे कंटाळले तेव्हा इंजिन लावलं. पंधरा मिनिटांत अलार्म. तापमानाचा काटा वर, आणि मागच्या नळीतून जे समुद्राचं पाणी भुसभुस बाहेर पडायला हवं ते बंद. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढणारा एक पंप असतो, त्यात पात्यांची रबराची चकती असते, तिला इम्पेलर म्हणतात. साधारण दर वर्षी बदलायची वस्तू, बोटीच्या किमतीपुढे चिल्लर. उघडून बघितलं तर सहापैकी चार पाती गायब.

काही हरकत नाही, सुट्या भागांच्या पेटीत जादा आहे अशी यादीत बरोबरची खूण होती. होताही. दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचा!

शिडाची बोट आहे, शिडावर चला, असं जाणकार म्हणतील. गेलोच. कूपर बेटाच्या मँचिओनील बेपर्यंत शिडावरच आलो. पण साडेतीन वाजून गेले होते आणि बोटी बांधायचे सगळे तरंगते बोये भरलेले. मग बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी खोल आणि तळाला समुद्री गवत, तिथे नांगर टाकावा लागला. गवतात नांगर नीट रुतत नाही. आणि नांगर सरकला तर इंजिन लावून बोट हलवायची सोय नाही. इंजिन नाही म्हणजे बॅटरी चार्ज होणार नाही, म्हणून फ्रिज बंद, दिवे बंद. आमच्या मागे एक कॅटमरान उभी होती, तिच्यावर दोन लहान पोरं उड्या मारत होती. सरकलो असतो तर थेट त्यांच्या अंगावर.

चार वाजता बेसला फोन केला. एका बाईंनी प्रेमाने ऐकून घेतलं, मेकॅनिकला सांगते म्हणाल्या. पाच वाजता बेस बंद. त्यानंतर इमर्जन्सी नंबरवर व्हॉइसमेल. मी एकूण नऊ निरोप ठेवले. शेवटच्या दोन निरोपांची भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

आणि आता खरी गंमत. शेजारच्या बोटीवर एक निवृत्त कॅनडियन जोडपं होतं. त्यांचा संडास तुंबला होता. संडास! त्यांच्या कंपनीची स्पीडबोट दीड तासात हजर, दोन मेकॅनिक, अर्ध्या तासात काम फत्ते. जाताना त्यातला एक जण स्वतःहून आमच्याकडे आला, आमचं इंजिन बघितलं, स्वतःकडचे इम्पेलर लावून पाहिले. एकही बसेना. त्याने खांदे उडवले आणि आमच्या कंपनीचं नाव ऐकून जो चेहरा केला, तो कुठल्याच रेटिंगमध्ये दिसत नाही.

रात्रभर आम्ही दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून बसायचं, रेषा मोडली की बोट सरकली. शिवाय मोबाइलवर अलार्म. हापिसात ऑन-कॉलची पाळी असते तेव्हा निदान सर्व्हर खडकावर आपटत नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी अलार्म वाजला. मी आणि बायको पाळीवर होतो. धावत पुढे जाऊन आणखी साखळी सोडली, आणि पुढची पाच मिनिटं दोघंही त्या मागच्या कॅटमरानकडे बघत गप्प उभे. नांगर धरला. बायको एवढंच म्हणाली, "पाचशे डॉलर." तिच्याकडून एवढ्या कमी शब्दांत एवढं जास्त मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मेकॅनिक आला. वीस मिनिटांत इम्पेलर बदलला. मी पैशांचं विचारलं तर बेसवाल्या बाईंनी करार काढायला सांगितला. चोवीस तासांच्या आत बिघाड दुरुस्त झाल्यास भरपाई नाही. आम्ही फोन केल्यापासून बावीस तास वीस मिनिटं झाली होती. चूक कुणाची? सही माझीच होती.

पण त्या मेकॅनिकवर माझा राग नाही. भला माणूस होता, एकटा कितीतरी बोटी सांभाळत होता. सहज बोलताना तो जे म्हणाला त्यासाठी हा सगळा प्रपंच. तो म्हणाला, या बोटीचे सुटे भाग मी कधीचे मागितलेत, पण मालकाचा होकार यायला वेळ लागतो.

मालक? कुठला मालक? बोट तर कंपनीची ना?

नाही. इथेच सगळी मेख आहे. या धंद्यातल्या बहुतेक बोटी कंपनीच्या नसतातच. कुणीतरी डॉक्टर, वकील, निवृत्त मॅनेजर बोट विकत घेतो आणि कंपनीकडे चालवायला देतो. मोठ्या कंपन्यांत साधारण पाचेक वर्षांचा करार असतो, मालकाला दरमहा ठरलेली रक्कम आणि वर्षाला काही आठवडे स्वतःसाठी बोट. देखभालीचा खर्च त्या काळात कंपनीचा. करार संपला की बोट ताफ्यातून बाहेर. मग ती विकली तरी जाते, नाहीतर दुसऱ्या फळीतल्या एखाद्या छोट्या कंपनीकडे येते. तिथे बऱ्याचदा हिशेब उलटा असतो. भाड्यातून कंपनी आपलं कमिशन कापते आणि दुरुस्तीचं बिल मालक भरतो. मालक बसलाय ओहायोत, त्याला बोट विकायचीच आहे, तो कशाला वेळेआधी इम्पेलर बदलेल?

म्हणजे आपण जिला 'कंपनी' म्हणतो ती नुसती मधली एजन्सी. बोट एकाची, पैसे दुसऱ्याकडे, आणि मेकॅनिक तिसऱ्याच्या होकाराची वाट बघत बसलेला. आपल्या प्रॉडक्शन सर्व्हरचं असं असतं तर आपण एक दिवस खपवून घेतलं असतं का?

आता त्या ताऱ्यांकडे येऊ. घरी परतल्यावर मी त्या कंपनीचे सगळे अभिप्राय पुन्हा वाचून काढले. (आधी वाचायला हवे होते. आधी फक्त आकडा बघितला होता.) सूर्यास्त अप्रतिम, कासवं दिसली, बेसवरच्या बाई फार गोड, रम मस्त. म्हणजे पाच तारे कॅरिबियन समुद्राला दिलेले! ज्यांचं काही बिघडलंच नाही त्यांना कंपनी कशी आहे हे कळणार तरी कसं? कंपनीची परीक्षा बिघाड झाल्यावरच होते, आणि ज्यांनी बिघाडाबद्दल लिहिलं होतं ते मोजके अभिप्राय तळाशी होते. त्यात दोघांनी 'फोन उचलला नाही' असं लिहिलं होतं. च्यायला, तेच दोन पुरेसे होते.

बोटीवर काही ना काही मोडणारच, हे आधी मान्य करा. खारं पाणी, ऊन, आणि दर आठवड्याला नवीन अनाडी माणूस सुकाणूवर. दोन वर्षांच्या नव्याकोऱ्या बोटीचाही संडास तुंबतो, बघितलंच की आपण. म्हणून 'बिघडणार नाही ना?' हा प्रश्नच चुकीचा. बिघडल्यावर किती वेळात माणूस येतो, हा प्रश्न बरोबर. हापिसात आपण दोन बिघाडांमधला काळ वेगळा मोजतो आणि सावरायला लागणारा काळ वेगळा. सुट्टीवर निघालो की हे ज्ञान कपाटात ठेवून जातो.

मोठ्या नावाचीच कंपनी घ्या, असंही मी म्हणत नाहीये. मोठ्या कंपनीकडे एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे संख्या. पन्नास बोटी असतील तर एक बंद पडल्यावर दुसरी देता येते, सुटे भाग गोदामात असतात, एकाच प्रकारची इंजिनं असतात. पण एकाच नावाचे दोन बेटांवरचे दोन बेस अगदी वेगळे निघू शकतात, कारण काही ठिकाणी ते स्थानिक भागीदार चालवतात. उलट आठ-दहा बोटींची नवरा-बायकोने चालवलेली कंपनी असेल आणि नवरा स्वतः रात्री फोन उचलणारा मेकॅनिक असेल, तर ती कुठल्याही ब्रँडच्या तोंडात मारेल. तो आजारी पडला तर मात्र संपलं. निवड तुमची, पण काय निवडताय ते माहीत असू द्या.

बोटीचं वय विचारा हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, व्हर्जिन आयलंड्समध्ये २०१७ चं विचारा. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा नावाचं पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ थेट या बेटांवरून गेलं. वादळात सुरक्षित म्हणून पॅराकीटा बेमध्ये दाटीवाटीने बांधून ठेवलेल्या भाड्याच्या बोटी एकमेकींवर चढल्या, उलथल्या. त्याच डिसेंबरात काही कंपन्यांनी पुन्हा बोटी द्यायला सुरुवात केली, हे कौतुकाचंच. पण वादळात मोडलेल्या बऱ्याच बोटी विम्यातून निकालात निघाल्या, स्वस्तात विकल्या गेल्या आणि डागडुजी होऊन परत पाण्यात आल्या. म्हणून बोट २०१७ च्या आधीची असेल तर सरळ विचारायचं, इर्माच्या दिवशी ही कुठे होती? चांगला बेसवाला तारखेसकट सांगतो. दुसरा म्हणतो, 'बोट उत्तम स्थितीत आहे.'

आणि भावाचं. माझ्या मित्राला जे तीस टक्के स्वस्त पडतंय ते ऑगस्टचं आहे, हे त्याने नंतर सांगितलं. अरे बाबा! आपले कोळी नारळी पौर्णिमेआधी होडी बाहेर काढत नाहीत, सरकारची मासेमारी बंदीही १ जूनपासून असते. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसमही नेमका १ जूनलाच सुरू होतो, पण तो ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे त्याचा ऐन भर. दक्षिणेला ग्रेनाडाकडे गेलं की वादळं येत नाहीत असं कुणी सांगितलं तर त्याला २००४ चं आयव्हन आणि १ जुलै २०२४ ला कॅरियाकू बेट भुईसपाट करणारं बेरिल आठवून द्या. जायचंच असेल तर नाव दिलेलं वादळ आल्यास पैसे परत मिळतात, पुढच्या तारखा मिळतात की नुसती सहानुभूती मिळते, हे लेखी घ्या. विमा वेगळा काढा, आणि वादळाला नाव पडायच्या आधी काढा.

ही सगळी चिरफाड केल्यावर मी एक मेल तयार केली. तीच चार कंपन्यांना पाठवली. बोटीचा मालक कोण आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा? मालकाला न विचारता तुमचा मेकॅनिक किती डॉलरपर्यंत खर्च करू शकतो? (हा माझा लाडका प्रश्न.) संध्याकाळी पाचनंतर फोन कोण उचलतं, त्याचं नाव काय? मदतीची बोट स्वतःची आहे की मागवावी लागते? हीच बोट मिळाली नाही तर बदली कुठली? डॅमेज वेव्हर घेतला तरी कशाचे पैसे कापता, डिंगीचे, प्रोपेलरचे? निघायच्या आधी इंजिनाचं झाकण उघडून, सुट्या भागांची पेटी ओतून बघायला किती वेळ द्याल?

हा शेवटचा प्रश्न खरं तर स्वतःलाच आहे. त्या दिवशी धक्क्यावरच्या पोराने 'जादा इम्पेलर, बरोबर?' असं विचारलं होतं आणि मी पेटी न उघडता 'बरोबर' म्हटलं होतं. सगळ्यांना पोहायची घाई झाली होती. बरोबर टेस्टिंगवाला असून!

चारपैकी एका कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. एकीने फोटोंची लिंक पाठवली. एकीने मुद्देसूद उत्तरं दिली, पण मालकाच्या प्रश्नाला सफाईने बगल दिली. चौथी म्हणजे ती पहिली, उद्धट कंपनी. तिच्याकडून फोनच आला, बेस मॅनेजर बाई स्वतः. एकेका प्रश्नाला उत्तर दिलं, रात्री फोन उचलणाऱ्याचं नावही सांगितलं. मग म्हणाल्या, आता माझा प्रश्न, नांगर टाकून किती रात्री काढल्यात?

या वेळी खरं सांगितलं. एक, आणि ती जागून. त्या हसल्या. पहिले दोन दिवस स्किपर घ्यावाच लागेल म्हणाल्या, भाव आता वाढलाय. त्याच संध्याकाळी टेस्टिंगवाल्याने कुणालाही न विचारता आपल्या वाट्याचे पैसे पाठवून दिले.